चार बोटे कोरी जागा

आमच्या नारायण पेठेत दर दिवाळीला एक बाड निघते. पेठेतल्या पाच-सात जणांनी आपापल्या कामाविषयी चार पाने लिहायची, ती एकत्र शिवायची आणि धनत्रयोदशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत घरोघर फिरवायची, असा प्रघात आहे. गेल्या साली वैद्यबुवांनी लिहिले. त्याच्या आदल्या साली एका गवंड्याने सांगितले आणि त्याच्या मुलाने उतरवून घेतले. ते वैद्यबुवांपेक्षा सरस होते, हे मी वैद्यबुवांना तोंडावर सांगितले आहे. त्याचा सूड म्हणून की काय, यंदा त्यांनी माझे नाव पुढे केले. "पंतोजी, जन्मभर दुसऱ्यांच्या मजकुराला नावे ठेवलीत, आता स्वतःचा दाखवा," म्हणाले. दाखवतो.

मी मुलांना लिहायला शिकवीत असे. सगळेच पंतोजी ते करतात, असे कोणी म्हणेल. तसे नाही. बाकीचे पंतोजी अक्षर शिकवतात. धूळपाटीवर बोट फिरवून घेतात, मग लाकडी पाटी, मग बोरू आणि कागद. वळण बसले, मोडी सफाईने येऊ लागली, मोठ्यांच्या पत्रांच्या नकला करता आल्या की पोर तयार झाले. मीही हे सगळे केले आणि त्यासाठी छडीही वापरली, ते लपवत नाही. पण मारुतीच्या देवळाच्या ओवरीत माझी शाळा सुरू होऊन वर्ष झाले असेल-नसेल, तेव्हा एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. मोत्यासारखे अक्षर असलेल्या पोराला "काल तुझ्या घरी काय झाले ते लिही" म्हटले की ते बोरू चावत बसते. नक्कल करायला समोर काही नसले की त्याचे हातपाय गळतात. तेव्हापासून पोराने स्वतःच्या मनातले, पुरते आणि दुसऱ्याला समजेल असे लिहायला शिकावे, याचा मी ध्यास घेतला.

ज्यांचा लेखणीशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. मोडीत आधी आडवी ओळ आखून घेतात आणि तिच्याखाली अक्षरे लिहीत जातात. शब्द सुटे करत नाहीत, कुठे थांबायचे त्याची खूण करत नाहीत. वाचणाऱ्याने ते आपले आपण ओळखायचे. मोठ्यांना सवयीने जमते. लहान पोराला मात्र आपले एक बोलणे कुठे संपले आणि दुसरे कुठे सुरू झाले हेच कळत नाही. त्यासाठी मी चिंचोके वापरत असे. पोराने आधी तोंडाने सांगायचे. ते ऐकून ऐकणाऱ्याला उलटा प्रश्न विचारावा लागला नाही, तर बोलणे पुरे झाले. त्याचा एक चिंचोका जमिनीवर ठेवायचा. "मामाने मारले" म्हटले की मी विचारी, "कोणाला?" मग चिंचोका नाही. "मामाने बोक्याला मारले" म्हटले की एक चिंचोका. बोक्याबद्दलचे सगळे चिंचोके एका ढिगात ठेवायचे. बोलता बोलता मामाचे लग्न निघाले तर त्याचा ढीग वेगळा. सरकारी यादीत जशी कलमे असतात, तसा एक ढीग म्हणजे एक कलम. मग ढिगांकडे पाहत पाहत कागदावर उतरवायचे. बाहेरून येणाऱ्यांना वाटे की पंतोजी पोरांशी सागरगोट्यांसारखे काही खेळत बसले आहेत.

माझा दुसरा नियम असा होता, की जे डोळ्यांनी पाहिले आहे तेच लिहायचे. लहान पोरांना मोठ्यांचे शब्द फार लवकर चिकटतात. आठ वर्षांचा मुलगा "आपल्या कृपेकरून सर्व यथास्थित आहे" असे लिहितो, आणि कृपा कसली आणि यथास्थित म्हणजे काय, हे त्याला विचारून उपयोग नसतो. त्यापेक्षा "आमच्या म्हशीला रेडकू झाले" हे लिहिलेले बरे.

आणि तिसरी पद्धत, जिच्यावरून मी आयुष्यभर बोलणी खाल्ली, ती अशी. पत्र लिहायला बसल्यावर माझ्या शाळेत पोरे वरची चार बोटे जागा कोरी सोडत आणि एकदम मजकुराला हात घालत. वरचा श्री आणि मायना शेवटी लिहायचा. याचे कारण सरळ होते. पोराला आधी श्री काढायला सांगितला की ते वेलांटीला फुलोरा काढण्यात रमते, मग मायन्यातले ‘तीर्थरूप’, ‘राजमान्य’, ‘साष्टांग नमस्कार’ सजवत बसते, आणि मजकुराला येईपर्यंत शाई वाळलेली आणि पोर दमलेले. देव चार घटका थांबतो, पोराच्या डोक्यात आलेली गोष्ट थांबत नाही, असे मी म्हणत असे. हे मी फार ऐटीत म्हणत असे.

लिहिलेले पुरते झाले की नाही, याची परीक्षा आमच्या घरात होई. देवळाला लागूनच आमचे घर. पोराने आपला मजकूर नेऊन माझ्या कुटुंबाला वाचून दाखवायचा. पोरे तिला काकू म्हणत. काकूला वाचता येत नव्हते, पण ऐकलेले तंतोतंत करण्यात तिचा हात धरणारे कोणी नव्हते. कोणाच्याही मनातले ओळखायचे नाही, कागदात जेवढे आहे तेवढेच करायचे, अशी तिला माझी आज्ञा होती, आणि माझ्या सगळ्या आज्ञांपैकी ही एकच तिने मनापासून पाळली. एकदा एका पोराने लिहून नेले, "ते इकडे आण आणि तिकडे ठेव." त्याला पाट म्हणायचा होता. काकूने माझी पगडी खुंटीवरून काढली आणि राखेच्या टोपलीत ठेवली. मी ओरडलो, तर म्हणाली, "अहो, मला काय ठाऊक. कागदात होते तसे केले." पोराने पुढे जन्मात ‘ते’ असे एकटे लिहिले नसेल.

वामन नावाचा एक मुलगा होता, एका शास्त्र्यांचा नातू. त्याचे बोलणे संपतच नसे. "मी उठलो आणि मग दात घासले आणि मग आई म्हणाली आणि मग मी नाही म्हटले आणि मग," असे ते चाले. चिंचोका ठेवायला मला जागाच मिळेना. छडीचा उपयोग झाला नाही, समजावण्याचाही झाला नाही. शेवटी काकूने त्याला ताब्यात घेतले. एक ‘आणि मग’ म्हटले की विहिरीवरून एक तांब्या पाणी आणून रांजणात ओतायचे. पहिल्या दिवशी रांजण काठोकाठ भरला. दुसऱ्या दिवशी तुळशीला, गाईला आणि शेजारणीला पुरून उरले. चौथ्या दिवशी वामन म्हणाला, "मी उठलो. मी दात घासले." पाचव्या दिवशी काकू मला हळूच म्हणाली, "आणखी आठवडाभर त्याला सुधारायला नको होते."

पालकांचे सांगायचे तर तो एक वेगळाच अनुभव आहे. आप्पा म्हणून एक गृहस्थ दफ्तरात कारकून होते आणि त्यांचा मुलगा माझ्याकडे होता. आप्पा एकदा मुलाचा कागद घेऊन ओवरीत आले. जोडे काढले, बसले, उपरण्याने वारा घेतला.

"पंतोजी, आमचा मुलगा लिहितो ते समजते हो," म्हणाले.

"मग तक्रार काय आहे?"

"हीच आहे. दफ्तरात सगळ्यांना समजेल असे लिहून कसे चालेल? समजले की काम संपते. काम संपले की आम्हाला विचारतो कोण?"

मी म्हटले, "आपण मुलाला न समजणारे घरी शिकवा. आपल्याला त्याचा अभ्यास आहे."

आप्पांना राग आला नाही. पुण्यात एवढ्याने कोणी रागावत नाही. उठताना मात्र त्यांनी कागदाच्या वरच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवले आणि म्हणाले, "देवाचे नाव शेवटी लिहायला लावता, हे बरे नव्हे. एखाद्या दिवशी राहून जाईल." मी हसलो. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

आता मला खंडूचे सांगायचे आहे. खरे तर त्याचे सांगण्यासाठीच मी हे लिहायला बसलो.

खंडू कोथरूडचा. शेतकऱ्याचा मुलगा, वय आठ. त्याची आई साळूबाई त्याला घेऊन नदी उतरून सकाळीच देवळात आली आणि ओवरीच्या पायरीशी उभी राहिली. पदर डोक्यावरून घट्ट घेतलेला, आवाज स्वच्छ.

"पोराला कागद लिवता आला पायजे," ती म्हणाली.

मी म्हटले, "बाई, कागद लिहायचा असेल तर मी आत्ता लिहून देतो. पोराला शिकायला दीड वर्ष जाईल."

"जाऊ द्या. तुमचा नगं. पोराचाच पायजे."

मग तिने सगळे सांगितले. तिचा नवरा सुभानजी एका पथकाबरोबर उत्तरेकडे मोहिमेवर गेला होता. तो निघाला तेव्हा ती पोटुशी होती. पुढे गावात जरीमरीची साथ आली आणि ती पोरांना घेऊन दोन महिने माहेरी जाऊन राहिली. नेमके तेव्हाच पंचक्रोशीतला कोणी एक छावणीकडे निघाला होता. त्याने घराला बाहेरून कडी पाहिली, आळीत रडारड ऐकली, आणि छावणीत पोचल्यावर सुभानजीला सांगितले की तुझ्या घरात कोणी उरले नाही. हे साळूबाईला कळले ते फार उशिरा, गावातला एक स्वार पाय मोडून कायमचा घरी परतला तेव्हा.

"मंग कुळकर्ण्याकडनं कागद धाडले न्हाईत का?" मी बोलता बोलता तिच्याच बोलीत शिरलो.

"धाडले की, दोन धाडले. दोन्ही पोचले, त्यो स्वारच सांगत हुता. त्यात लिवलं हुतं, सर्व क्षेम. ह्यांनी ऐकलं आन म्हनले, कुळकर्णी सगळ्यांस्नीच क्षेम लिवतो. मेल्याच्या घरनं बी लिवतो. तिकडं एका जमीनदारानं ह्यांना घर देऊ केलंय. म्हनत्यात, मागं कोन हाय माजं, हितंच ऱ्हातो. पोराच्या हातची वाकडी अक्षरं बघितली तर पटंल."

मला तिचे म्हणणे तत्क्षणी पटले. मी आयुष्यभर ज्याच्याविरुद्ध कुरकुरत होतो ते ‘सर्व क्षेम’ या बाईच्या संसारावर उठले होते. तिचा संसार वाचवणारा कागद माझ्या शाळेतून जाणार, याचा मला मनातून आनंदही झाला. माणूस असाच असतो, दुसऱ्याच्या संकटात त्याला आपली थोरवी दिसते.

खंडू कष्टाळू होता, हुशार म्हणता येणार नाही. पावसाळ्यात नदी भरली की आठ-आठ दिवस यायचा नाही आणि आला की मागचे सगळे विसरलेला असायचा. पण एक होते. त्याचे चिंचोके पहिल्यापासून चोख असत. शेतातल्या पोराला सांगायचे ते पुरते सांगायची सवय असते, कारण "बैल सुटला" एवढेच सांगून चालत नाही, कोणता आणि कोणत्या बाजूला गेला तेही सांगावे लागते. अक्षर मात्र शेवटपर्यंत सुधारले नाही. माझा हात त्याचा बोरू धरायला शिवशिवे, पण साळूबाईची अट आठवून मी आवरत असे.

दीड वर्षाने, दसरा झाल्यावर, उत्तरेकडे जाणारी एक तुकडी खडकीजवळ नदीकाठी उतरली आहे आणि पाच-सहा दिवस थांबणार आहे, असे समजले. मी खंडूला कागदावर बसवले. दोन दिवस नुसते चिंचोके मांडले. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने लिहायला घेतले. वरची चार बोटे जागा सोडली, जीभ दातांत धरली आणि लिहीत गेला. मी एक अक्षर सांगितले नाही. त्याने लिहिले ते मला आजही तोंडपाठ आहे.

"मी खंडू. मी नऊ वर्षांचा आहे. गावात जरीमरी आली होती. आम्ही तेव्हा मामाच्या घरी होतो. आमच्या घराला तेव्हा कडी होती. आता दार उघडे आहे.

आई पहाटे दळते. दळताना ती गाते. तिच्या हाताला विळा लागला होता. तो हात आता बरा आहे.

मला एक बहीण झाली. तिचे नाव गंगी. ती चार वर्षांची आहे. ती कुत्र्याला भीत नाही. ती कोंबडीला भिते.

ढवळ्याचे डावे शिंग मोडले. पवळ्या धड आहे. काका नांगर धरतो. विहिरीला पाणी आहे. शेवगा वाऱ्याने पडला होता. तो पुन्हा फुटला.

मी नदी उतरून लिहायला येतो. हे मी लिहिले."

मी ते वाचले आणि मला भरून आले. पाच कलमे, आणि एकाही बोलण्याला उलटा प्रश्न विचारावा लागत नव्हता. मी पुन्हा वाचले. तेवढ्यात साळूबाई धावत आली. तुकडीला आजच कूच करायचा हुकूम झाला होता, सामान लादणे चालू होते. मी घाईने शाई टिपायला कागदावर वाळू टाकली, झटकली, घडी घातली, आणि घडीवर सुभानजीचे नाव आणि पथक माझ्या सुंदर अक्षरात लिहिले. साळूबाई आणि खंडू तो घेऊन खडकीकडे पळाले आणि एका अनोळखी स्वाराच्या हाती देऊन आले. स्वाराने तो पागोट्यात खोचला, असे खंडूने परतल्यावर सांगितले. सगळी शाळा त्याच्याकडे कौतुकाने पाहत होती.

तिसऱ्या प्रहरी वामनने आपला मजकूर संपवला आणि मान वर न करता विचारले, "पंतोजी, आता वर श्री लिहू का?"

मी ‘लिही’ म्हणायला तोंड उघडले, आणि मला आठवले की खंडूच्या कागदावरची चार बोटे कोरीच गेली आहेत.

बाड वाचणाऱ्यांना हे सांगायला नको, पण पुढेमागे कोणी नेणता वाचील म्हणून लिहून ठेवतो. आपल्याकडे कोणताही कागद श्रीने सुरू होतो. श्री नसतो तो एकाच कागदावर. घरात कोणी गेले की ते कळवणाऱ्या पत्रावर श्री लिहीत नाहीत. असा कागद घराबाहेर वाचतात, वाचून फाडून टाकतात आणि आंघोळ करतात. ज्या माणसाला आपले घर बुडाल्याचा संशय होता, त्याच्याकडे मी श्री नसलेला कागद धाडला होता. आणि तो वाचण्याआधी फाडला तर त्यातली पाच कलमे कोण वाचणार होते?

मी उपरणेही न घेता खडकीकडे निघालो. खंडू मागून पळत आला. नदीकाठी चुलीचे दगड आणि घोड्यांची लीद तेवढी उरली होती. तुकडी कधीच पल्याड गेली होती. खंडूला काही सांगायचे मला धैर्य झाले नाही. तो मात्र म्हणाला, "पंतोजी, आता नक्की पोचंल, न्हाई का?" मी हो म्हणालो.

घरी आल्यावर काकूला सांगितले. तिने सगळे ऐकून घेतले. मला वाटले ती म्हणेल, मोठ्या पंतांची मोठी चूक, किंवा असेच काही. ती म्हणाली, "उद्या कोथरूडला जा आणि तिला सांगा."

"सांगून काय होणार? कागद तर गेला."

"अहो, तुमच्या मनाचा भार उतरायला नाही सांगत. दुसरा कागद पाठवायचा की नाही ते तिने ठरवायचे आहे. आणि ठरवायचे तर तिला ठाऊक नको?"

मी गेलो. साळूबाई अंगणात शेंगा निवडत होती. मी उभ्या उभ्याच सांगितले. तिने हातातली शेंग खाली ठेवली. मग आत जाऊन पाण्याचा तांब्या आणून माझ्यासमोर ठेवला. "दुसरा लिवा," एवढेच म्हणाली. खंडूने दुसरा लिहिला, पण का ते आम्ही त्याला सांगितले नाही. या खेपेस वर एवढा मोठा श्री काढला की आप्पाही खूश झाले असते. तो एका व्यापाऱ्याच्या काफिल्याबरोबर धाडला. पण दुसरा पहिल्याच्या आधी पोचणार नाही, हे आम्हा दोघांनाही कळत होते.

पुढचे चार-पाच महिने मी शाळा कशी चालवली ते मला सांगता येणार नाही. मी पोरांना आधी श्री काढायला लावू लागलो. वामनने विचारले, "पंतोजी, पद्धत का बदलली?" मी त्याच्यावर खेकसलो. मग त्याच दिवशी सगळ्या पोरांसमोर खरे सांगितले, कारण खंडूही समोर बसला होता आणि त्याला दुसऱ्या कोणाकडून कळणे मला सहन झाले नसते. खंडूने ऐकले. त्याच्या तोंडावर राग नव्हता, नुसता विचार होता. म्हणाला, "पर आत तर समदं खरं लिवलंय की." नऊ वर्षांच्या पोराने मला धीर द्यावा, अशी माझी तेव्हा अवस्था होती.

फाल्गुनात, होळी होऊन गेल्यावर, एका सकाळी शाळा भरली असताना एक उंच, काळासावळा माणूस ओवरीच्या पायरीशी येऊन उभा राहिला. गालांवर लांबच्या वाटेची धूळ, हातात काठी. खंडूचा हात त्याच्या हातात होता. हा कोण, ते पोराने सांगण्याची गरज नव्हती. मी उठलो. मी म्हटले, "श्री माझ्या चुकीने राहिला. पोराचा दोष नाही."

"पोरगं म्हनलं मला," सुभानजी म्हणाला आणि पायरीवर बसला. पोरे बोरू खाली ठेवून ऐकू लागली.

"आमच्या पथकाच्या कारकुनानं घडी उघडली, वर बघितलं आन पुन्ना मिटली," तो सांगू लागला. "म्हनला, सुभानजी, भाइर चल. समदी गावाकडली मानसं उठली. मी म्हनलो, आधी मला आंगूळ करू द्या, मंग ऐकतो. नदीत कापडानिशी बसलो. भाइर यायचं धाडस हुईना."

मी मान खाली घातली. त्या माणसाने नदीत काढलेल्या त्या घटकेचे मला अजून वाईट वाटते आणि मरेपर्यंत वाटेल.

"मंग?"

"मंग कारकुनानं वाचलं. पार शेवटपत्तुर वाचलं. म्हनला, मेलं कोन तेच सापडंना. पुन्ना वाचलं. एकेक बोलनं सुटं करून वाचलं. समदी जनं कान देऊन ऐकत हुती, कोन मेलंय म्हनून. बायकोचं आलं, म्हनले ही जित्ती हाय. गंगीचं आलं, म्हनले ही कोन? मी म्हनलो, मला ठावं न्हाई. मंग उमगलं, पोटात हुती ती. तिसऱ्यांदा वाचलं, तवा कारकूनच डोळं पुसाय लागला. ह्या आधीचं दोन कागद त्यानं उभ्या उभ्या वाचून माज्या हातात दिलं हुतं. त्ये कुनी ऐकलं बी न्हवतं."

खंडू बापाच्या मांडीला टेकून बसला होता. मी त्याच्याकडे पाहिले नाही, कारण पाहिले असते तर पोरांसमोर माझी शोभा झाली असती. थोड्या वेळाने मी विचारले, "म्हणजे घर जिवंत आहे हे पटले. पण त्या जमीनदाराने घर देऊ केले होते. बायकोपोरांना तिकडेच बोलावून घेता आले असते. एवढ्या लांबून सगळे सोडून परत का आलास? पोराने तर घरी या असे कुठेही लिहिले नव्हते."

सुभानजीने पोराच्या डोक्यावर हात ठेवला.

"समदी हुती बघा त्यात, पंतोजी," तो म्हणाला. "बायकू हुती, पोरं हुती, दोन्ही बैल हुतं. पडलेला शेवगा हुता, कोंबडी बी हुती. तीन डाव ऐकलं मी. मीच तेवढा कुटं न्हवतो."